पुन्हा श्रीगणेशा : सर्व्हर रूममधून डेव्हऑप्सकडे

निपाणी म्हटले की तंबाखूच्या वखारी आठवतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा हा मराठी मुलूख म्हैसूर राज्यात गेला आणि सीमाप्रश्न घरोघरी मुक्कामाला आला. पुढे १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. ६ एप्रिलच्या गोळीबारात १२ शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्याच वर्षी पुण्यात इन्फोसिस स्थापन झाली आणि १९८३ मध्ये तिने बंगळूर गाठले. ज्या रस्त्यावर बाप भावासाठी बसले, त्याच रस्त्याने मुले नोकरीला गेली. कोणी पुण्याला, कोणी बंगळूरला.

त्यांतल्या कित्येकांनी सिस्टीम ॲडमिनची नोकरी धरली. सर्व्हर उभे करणे, बॅकअप घेणे, पासवर्ड बदलून देणे आणि मध्यरात्री फोन आला की उठून बसणे, हे त्यांचे काम. सारे सुरळीत असले की त्यांची कोणाला आठवण होत नसे.

या कामात एक जुनी भिंत होती. प्रोग्रॅमरला रोज नवे काही द्यायचे असे, तर ॲडमिनला चालू असलेले बिघडू द्यायचे नसे. ही भिंत ज्याला खुपली तो पॅट्रिक डेब्वा बेल्जियमचा. २००७ मध्ये तिथल्या एका सरकारी खात्याचे डेटा सेंटर हलवताना त्याला दोन्ही बाजूंना ये-जा करावी लागली. जून २००९ मध्ये फ्लिकरच्या जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी दिवसातून दहा वेळा नवी आवृत्ती कशी चढवतो, हे एका परिषदेत सांगितले. त्याच ऑक्टोबरात डेब्वाने गेंट शहरात ‘डेव्हऑप्सडेज’ भरवले. त्याच नावातून हा शब्द रूढ झाला. डच आणि फ्रेंच भाषकांमधली सीमा कायद्याने आखलेल्या देशातून दोन खात्यांतली भिंत पाडण्याचा विचार यावा, याचे सीमाभागातल्या आम्हांला विशेष वाटते.

साधनेही पाठोपाठ आली. गिट २००५ मध्ये, ॲमेझॉनचे भाड्याचे सर्व्हर २००६ मध्ये, ॲन्सिबल २०१२ मध्ये, डॉकर २०१३ मध्ये, कुबरनेटीस २०१४ मध्ये. पूर्वी ॲडमिन एकेका सर्व्हरवर हाताने सेटिंग करी. आता तेच फाइलमध्ये लिहून ठेवायचे आणि शंभर सर्व्हरवर एकदम चालवायचे. हातातली विद्या कागदावर आली, असेच म्हणा.

इथेच आपल्या मुलांची खरी अडचण आहे. दहा-बारा वर्षे ॲडमिन म्हणून काढलेल्या, घराचा हप्ता आणि मुलांची फी डोक्यावर असलेल्या माणसाला डेव्हऑप्समध्ये पहिल्या पायरीवर, प्रसंगी कमी पगारावर उभे राहावे लागते. शेजारी विशी-बाविशीतली मुले असतात. मनाला लागतेच.

पण तो रिकाम्या हाताने येत नाही. लिनक्स, नेटवर्क, परवानग्या, बॅकअप हे त्याला ठाऊक असते. मुख्य म्हणजे यंत्रणा कशी कोसळते, हे त्याने पाहिलेले असते; ते कोणत्याही क्लासमध्ये शिकवून येत नाही. शिकायचे राहते ते गिट, थोडे पायथन, कंटेनर आणि एखादा क्लाउड. आजच्या नोकरीत रोज हाताने करावे लागणारे एक काम निवडावे, त्याची स्क्रिप्ट लिहावी, ती गिटमध्ये ठेवावी. मुलाखतीत दाखवायला प्रमाणपत्रापेक्षा हे जास्त उपयोगी पडते.

वखारीतली जुनी जाणती माणसे माल चिमटीत धरून, वास घेऊन पारख करीत. ती विद्या त्यांच्याबरोबर गेली, कारण कोणी लिहून ठेवली नाही. ॲडमिनला मात्र आपली विद्या लिहून ठेवता येते, आणि आता त्या लिहिण्यालाच नोकरी आहे. मंडळातल्या ज्या घरांत या क्षेत्रातली अनुभवी माणसे आहेत, त्यांनी वाट बदलू पाहणाऱ्या एकाला तरी यंदा हात द्यावा. चाळिशीत पुन्हा श्रीगणेशा करायला धीर लागतो, आणि तो धीर घरच्या माणसांनीच द्यायचा असतो.