छत्तीस अधिकाऱ्यांचे कोडे आणि हरवलेले आकडे

सहा पलटणी आणि प्रत्येक पलटणीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे अधिकारी. या छत्तीस जणांना चौकोनात असे उभे करायचे की, प्रत्येक आडव्या व उभ्या रांगेत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच यावा. थोर गणिती लिओनार्ड ऑयलर याने १७८२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हे कोडे मांडले. उत्तर सापडेना, तेव्हा त्याने तर्क केला की ६, १०, १४ अशा, चाराने भागल्यावर दोन उरणाऱ्या कोणत्याच संख्येचा असा चौकोन बनणार नाही. ६ पुरते त्याचे खरे ठरले. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सच्या गास्तों तारी यांनी शक्यता तपासून ते सिद्ध केले.

१९५९ साली मात्र हा तर्क कोसळला. राजचंद्र बोस, शरच्चंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी दाखवून दिले की, ६ च्या पुढच्या अशा सर्व संख्यांचे चौकोन बनतात. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही वार्ता पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे यांचा जन्म १९१७ चा, सागर गावचा. म्हणजे आपल्यासारख्याच, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाचा. पुढे त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची धुरा वाहिली. २०२० साली, वयाच्या १०२ व्या वर्षी ते निवर्तले.

वाचक विचारतील, या चौकोनांचा आपल्याला उपयोग काय? मी वर्गात फळ्यावर दाखवतो ते उदाहरण पाहा. १ आणि २ हे दोन आकडे जपायचे आहेत. तिसरा आकडा म्हणजे त्यांची बेरीज. चौथा म्हणजे पहिला अधिक दुसऱ्याची दुप्पट. दोन्ही ठिकाणी ३ ने भागून फक्त बाकी ठेवायची. झाले १, २, ०, २. आता हे अनुक्रमे बेळगाव, इंदूर, बडोदे व हैदराबाद येथे ठेवा. बेळगाव-इंदूरचे नष्ट झाले, तरी हैदराबादच्या २ मधून बडोद्याचा ० वजा करताच दुसरा आकडा २ मिळतो. मग ० मधून २ वजा करून ३ मिळवले की पहिला, १. कोणतेही दोन आकडे गेले तरी उरलेले दोन पुरतात. ३×३ च्या दोन चौकोनांतली रांग, स्तंभ आणि दोन्ही चौकोनांतले आकडे यांचे नाते नेमके हेच आहे. नुसत्या दोन-दोन नकला केल्या असत्या तर जागा तितकीच लागली असती. पण एकाच आकड्याच्या दोन्ही नकला गेल्या, की खेळ खलास!

कागद जपण्याचे मोल द्विभाषिक जिल्ह्यातल्या कुटुंबांना वेगळे सांगायला नको. जमिनीचा एक उतारा, शाळेचा एक दाखला हरवला की किती खेटे घालावे लागतात!

बोस व श्रीखंडे यांनी १९५९ सालीच संकेतरचनेवर निबंध लिहिला. १९६० मध्ये बोस व द्विजेंद्र रायचौधरी यांनी चुका दुरुस्त करणारे संकेत रचले. त्याच वर्षी अमेरिकेत आयर्विंग रीड व गुस्ताव्ह सॉलोमन यांनी बहुपदींवरून संकेत बांधला. सीडीवरच्या ओरखड्यांवर तोच मात करतो. मोठ्या संगणक-भांडारांत याच पद्धतीने १० तुकड्यांना ४ जादा तुकडे जोडतात. १४ पैकी कोणतेही १० उरले तरी मूळ मजकूर परत मिळतो आणि जागा दीडपटीहूनही कमी लागते. तीन-तीन नकलांना तिप्पट लागली असती.

एक अडचण मात्र उरली. एकच तुकडा गेला, तरी तो घडवायला दुसरे दहा वाचावे लागत. २०१० साली दिमाकिस व सहकाऱ्यांनी हे ओझे किती कमी होऊ शकते ते ठरवले. २०११ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रश्मी, निहार शाह व विजयकुमार यांनी त्यासाठी सारणीच्या गुणाकारावर आधारलेली रचना दिली.

ज्या गणिताला ‘कोडे’ म्हणून बाजूला ठेवले, त्याच्याच बळावर आज लाखो घरांची छायाचित्रे व कागदपत्रे सुरक्षित आहेत. मुलांनी ‘याचा उपयोग काय?’ विचारले तर रागावू नये. उत्तर यायला पावणेदोनशे वर्षेही लागतात, एवढेच सांगावे.