जुन्नरच्या कातळातील धम्म आणि कष्टकरी

सह्याद्री म्हटले की आपल्याला किल्ले आठवतात. परंतु किल्ल्यांच्या कितीतरी आधी या डोंगरांत भिक्खूसंघ राहत होता. त्याचा मोठा पुरावा पुणे जिल्ह्यातील जुन्नरला आहे. गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत. इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या आसपासपासून इ.स.च्या तिसऱ्या शतकापर्यंत हे काम चालले.

गावात उभे राहून नजर टाकावी. उत्तरेला कुकडी नदीपलीकडे लेण्याद्री, दक्षिणेला मानमोडी, गावाला खेटून शिवनेरी, त्याच्याही पलीकडे पश्चिमेला तुळजा डोंगर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा काळा दगड. कापडाच्या ठाणांची थप्पी लावावी तसे थर एकावर एक बसलेले दिसतात. पावसाळ्यात कड्यांवरून पाणी पांढरे होऊन कोसळते, चैत्रात तोच कातळ तव्यासारखा तापतो. आणि आत लेण्यात शिरले की गारवा! वर्षावासाला अशी जागा शोधणारे लोक डोळस होते.

लोक सांगतात, लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली. ज्याने साच्यावर पाळी केली आहे त्याला हे पटायचे नाही. मानमोडीच्या भूतलेणीत बघा. दर्शनी भाग कोरलाय, गजलक्ष्मी आहे, पण आतले काम अर्धवट राहिले. म्हणजे छिन्नी-हातोडा घेऊन माणसेच राबत होती आणि कुठेतरी काम थांबले. स्तूप काय हे विसरलेल्या लोकांनी त्या लेण्याला भुताचे नाव दिले, याचे मला फार वाईट वाटते.

पैसा कुणाचा? फक्त राजाचा म्हणाल तर फसाल. इथले ब्राह्मी लेख भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी १८८१ साली छापून काढले. त्यात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम आहे, त्याचा लेख ४६ व्या वर्षाचा. पण त्याच्याच जोडीला धान्य विकणाऱ्यांची श्रेणी आहे, तिने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली. श्रेणी म्हणजे आजच्या भाषेत धंद्याची संघटना. कासार आणि बांबूकाम करणारे यांच्या श्रेण्यांकडेही दानाची रक्कम ठेवल्याचे लेख सांगतो. म्हणजे हाताने काम करणाऱ्यांची पत होती, संघाचा पैसा त्यांच्याकडे सुरक्षित राहील असा विश्वास होता! शाळेच्या पुस्तकात हे कुठे शिकवले?

परदेशी माणसेही आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. एका शकाने करंजाची झाडे लावण्यासाठी जमिनीचे उत्पन्न लावून दिले. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचे. कल्याण बंदराचा माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा, घाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण अजून आहे. व्यापाराची वाट आणि धम्माची वाट एकच होती.

आता लेण्याद्रीच्या सातव्या लेण्याबद्दल बोलले पाहिजे. एकही खांब नसलेले प्रचंड दालन, तीन बाजूंना भिक्खूंच्या वीस खोल्या. मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन खोल्या एक करून तिथे पुढे गणपती बसवला, तोच अष्टविनायकातला गिरिजात्मज. दर्शनाला येणाऱ्या भाविकाशी आपले भांडण नाही. तोही कष्टाने पायऱ्या चढतो. पण ज्या विहारात तो उभा आहे तो विहार कुणी कोरवला, हे त्याला समजले पाहिजे, आणि सांगायचे काम आपले आहे. बाबासाहेबांनी १९५६ साली धम्म दिला तो नवा नव्हता, याच मातीतला होता, हे सांगायला जुन्नरसारखे दुसरे ठिकाण नाही.

आपलेही थोडे चुकते. सहलीची गाडी लेण्याद्रीला थांबते, फोटो होतात आणि गाडी परत फिरते. “बुद्धमूर्ती कुठे आहे?” म्हणून मंडळी नाराज होतात. अहो, हा काळ मूर्तीच्या आधीचा, इथे वंदना स्तूपाला! तुळजा लेण्यात गोल चैत्यगृह आहे, मधे स्तूप आणि भोवती बारा खांब. तिकडे फारसे कुणी जात नाही. पुढच्या सहलीत निघायचेच ते तुळजाकडून, सकाळी ऊन चढायच्या आत. मग शिवनेरी. छत्रपतींच्या जन्मस्थानाला वंदन करून कड्यातल्या लेण्यांकडे वळावे, इरिलाच्या पोढ्यांचा लेख तिथेच आहे. सोबत ब्राह्मी अक्षरांचा तक्ता घ्यावा, पोरांना एकेक अक्षर लावायला सांगावे.