घरची बोली आणि देवळाची भाषा



आपल्या वसईच्या ख्रिस्ती घरांत एकाच भाषेचा संसार कधींच नव्हता. चुलीपाशीं कादोडी अथवा वाडवळी, शाळेंत व प्रवचनांत मराठी, आणि दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेपर्यंत (१९६२-६५) मिस्सा लॅटिन भाषेंत. तरी मुलें गोंधळलीं नाहींत. कोठें काय बोलावें हें तीं सहज शिकलीं.

फादर थॉमस स्टीफन्स जन्मानें इंग्रज. गोव्यांत राहून त्यांनीं मराठींत 'ख्रिस्तपुराण' रचलें. तें १६१६ सालीं छापलें गेलें. कोंकणीचें व्याकरणहि त्यांनींच लिहिलें. पुढें १६८४ सालीं मात्र पोर्तुगीज व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं, गोवेकरांनीं तीन वर्षांत कोंकणी टाकून पोर्तुगीज बोलावें. तीन शतकें लोटलीं. घरोघरीं ती बोली चालूच राहिली, आणि १९८७ सालीं गोव्याची राजभाषा झाली.

हुकुमास जें साधलें नाहीं, तें आज आपली लाज साधूं पाहत आहे. मुलाचें इंग्रजी बिघडेल या भयानें आईबाप आजीची बोली घरांतून काढून टाकितात. मीहि एका घरीं तसाच सल्ला दिला होता. पुढें आजीच्या अंतकाळीं तिचे शेवटचे शब्द नातवास कळेनात. ते मलाच त्याला मराठींत उलगडून सांगावे लागले. त्या दिवशीं मी मनांत खजील झालों.

आईबापांनो, इंग्रजी अवश्य शिकवा. परंतु एवढा नेम धरा : सायंकाळची जपमाळ मराठींत, आणि जेवतांना गोष्टी घरच्या बोलींत. देव आपल्या लेकरांस हें दुहेरी धन देवो.