फोडणीचं तेल आणि पवित्र तेल

स्पॅनिशच्या वर्गात एकदा माझी मस्त फजिती झाली. स्वयंपाकघरातल्या वस्तू सांगायच्या होत्या. मी ऐटीत म्हटलं, "ओलेओ!" म्हणजे तेल. शब्दकोशात पाहून गेले होते ना! बाई हसल्या. म्हणाल्या, "ओलेओ चर्चमध्ये, नाहीतर चित्रकाराकडे. फोडणीला आसेइते घे."

घरी येऊन शोधत बसले. दोन्ही शब्दांचा अर्थ तेलच. पण ओलेओ लॅटिनमधून आलेला, म्हणून तो मरणासन्न माणसाला लावायच्या पवित्र तेलासाठी आणि तैलचित्रासाठी. आसेइते आलं अरबी 'अझ्-झैत'वरून. ते सूर्यफुलाचंही चालतं, गाडीच्या इंजिनातलंही. त्याहून गंमत म्हणजे ऑलिव्हचं झाड लॅटिन 'ओलिवो', पण त्याच झाडाचं फळ अरबी 'आसेइतूना'. तेलाचा घाणासुद्धा अरबीच, 'आल्मासारा'.

हे असं का? इ.स. ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून मुस्लिम फौजा स्पेनमध्ये उतरल्या आणि त्यांचं शेवटचं राज्य, ग्रनाडा, १४९२ मध्ये पडलं. मधल्या जवळजवळ आठशे वर्षांत शेतात, घाण्यावर, बाजारात अरबी रुजली. चर्चची भाषा मात्र लॅटिनच राहिली. म्हणून एकाच तेलाला दोन नावं... एक देव्हाऱ्यातलं, एक चुलीपाशीचं.

पुढची गोष्ट वाचून मात्र हसू मावळलं. ख्रिस्ती व्हायला भाग पाडलेल्या मुसलमानांना आणि त्यांच्या वंशजांना तिथे मोरिस्को म्हणत. १५६७ मध्ये दुसऱ्या फिलिप राजाने ग्रनाडातल्या मोरिस्कोंना अरबी बोलायला-लिहायला बंदी केली. १६०९ ते १६१४ या काळात तर सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर घालवून दिलं. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेली माणसं!

माणसं गेली, आसेइते राहिलं. बंदीचा हुकूम काढणाऱ्या राजाच्या मुदपाकखान्यातही तेल याच नावाने मागत असणार. हुकूम दरबारात निघतो; चुलीपाशी त्याला कोण विचारतं?

असो. आता ओलेओ-आसेइतेत माझी चूक होत नाही. पण आसेइते म्हणताना बंदरावर आणून उभी केलेली ती माणसं डोळ्यांपुढे येतात.

आणि आई, वाचत असशील तर तुझ्यासाठी एक. स्पॅनिशमध्ये साखरेला 'आसूकार' म्हणतात. तेही अरबीतूनच गेलं, अरबीत फारसीतून आणि त्याआधी आपल्या संस्कृत 'शर्करे'वरून. म्हणजे आपल्या डब्यातल्या साखरेची ही लांबची चुलतबहीणच की!