वंशावळीत न लिहिलेले

आंबेगावच्या डोंगरात उगम पावणारी घोडनदी शिरूरकडे उतरते. जुन्नरची कुकडीही पुढे तिलाच मिळते. या घोडेच्या काठी, इनामगाव येथे, डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० च्या सुमारास नांदलेल्या त्या शेतकऱ्यांच्या वस्तीत गाईम्हशी, शेळ्यामेंढ्या यांच्या हाडांबरोबर कुत्र्याचीही हाडे सापडली. म्हणजे आपल्या खोऱ्यातली कुत्र्याची सोबत तीन हजार वर्षांपलीकडची आहे.

एवढ्या काळात त्याच्या कुळाची नोंद कोणी ठेवली नाही. धनगराच्या वाड्याची त्याने राखण केली, खळ्यावर भाकरतुकडा खाल्ला आणि आपला जोडीदार आपणच शोधला. 'गावठी' हा शब्द आपण नाक मुरडून उच्चारतो. पण त्यात नाना वाटांनी आलेल्या रक्ताची सरमिसळ आहे.

कुत्र्याचे कूळ कागदावर आणण्याची हौस युरोपातली. इंग्लंडात न्यूकॅसल येथे १८५९ साली कुत्र्यांचे प्रदर्शन भरले आणि १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. जर्मनीत १८९९ साली माक्स फॉन श्टेफानिट्झ या लष्करी अधिकाऱ्याने एका मेंढपाळी जातीची वंशवही उघडली. तिच्यातले पहिले नाव होरांड नावाच्या कुत्र्याचे. हीच आपल्या ओळखीची अल्सेशियन जात. वहीतल्या आईबापांचीच पिले वहीत यायची, असा नियम ठरला. रूप आणि गुण टिकावेत म्हणून होरांडच्या मुलानातवंडांत नात्यातच जोड्या लावल्या गेल्या. आपल्याकडे सोयरीक जमवताना गोत्र विचारतात. इथे सगोत्र हीच पात्रता झाली!

दार बंद केले की चांगल्याबरोबर वाईटही आतच राहते. अल्सेशियनच्या काही घराण्यांत कातडीखाली टणक गाठी येतात आणि दोन्ही मूत्रपिंडांत कर्करोग होतो. एका जनुकातील एकाच अक्षराचा बदल याच्या मुळाशी आहे, हे २००३ साली उघड झाले. आई किंवा बाप, एकाकडून हा दोष आला तरी पुरतो. प्रत्येक पिलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. त्यातून हा रोग दिसू लागतो तो मध्यम वयात. तोवर त्या देखण्या कुत्र्याची पिले घरोघर गेलेली असतात! स्वित्झर्लंडच्या बर्नीज कुत्र्यांत एक दुर्मीळ कर्करोग असाच वंशातून फिरतो. स्कॉटिश टेरियरला मूत्राशयाचा कर्करोग इतर कुत्र्यांहून सुमारे वीसपट अधिक होतो.

मग गावठी कुत्रा निर्धोक समजावा काय? तसेही नाही. कर्करोग संकरित कुत्र्यालाही होतो. भटक्या कुत्र्यांत तर एक अर्बुद संसर्गाने पसरते, आणि ते हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्यापासून चालत आले आहे. शिवाय कर्करोग हा बहुधा उतारवयाचा रोग, आणि आपल्या उसाच्या मुलखात कुत्र्याला उतारवय लाभतेच कुठे? शेजारच्या अकोले तालुक्यातील पाहणीत बिबट्याच्या आहारात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. ज्याला म्हातारपण नाही, त्याच्या आरोग्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

या शोधाने माणसाचेही भले झाले. अल्सेशियनमधला तो दोष ज्या जनुकात आहे, तेच जनुक बिघडले की माणसांच्या काही घराण्यांतही कातडीवर गाठी आणि मूत्रपिंडात अर्बुदे येतात. राखणदाराने धन्याला आणखी एक इशारा दिला म्हणायचा.

आज मंचर-नारायणगावच्या बंगल्यांतूनही कागदपत्रांसह पिले येतात. मुले हरखतात, वडीलधारी माणसे आजा-पणज्यांची परदेशी नावे कौतुकाने वाचतात. वाचावीत. पण पैसे मोजण्यापूर्वी विकणाऱ्याला एवढे विचारावे : याचा आजा किती वर्षे जगला, आणि कशाने गेला? वंशावळीत बक्षिसे लिहिलेली असतात; मरणाचे कारण आपल्यालाच विचारून घ्यावे लागते.