टपावरची सळई

रस्त्याने पोलिसांची गाडी गेली की आपले लक्ष तिच्या भोंग्याकडे आणि दिव्याकडे जाते. तिच्या टपावर उभ्या असलेल्या बारीक सळईकडे सहसा कोणी पाहत नाही. बिनतारी संदेशवहनाचा इतिहास सांगणारेही बहुधा यंत्राचाच इतिहास सांगतात. मोटारीपुरते पाहिले तर तो निम्म्याहून अधिक एरियलचा इतिहास आहे, असे आमचे मत आहे.

१९२३ साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताच्या पोलिसांनी मेलबर्न येथे एका लान्चिया मोटारीत बिनतारी यंत्र बसविले. मागची बैठक यंत्रानेच व्यापली आणि बोलणे चाले ते मोर्सच्या कडकट्टात. त्याच दशकात लंडनच्या स्कॉटलंड यार्डने आपल्या क्रॉस्ली गाड्यांच्या टपावर तारांची भली मोठी चौकट चढविली. लोक तिला पलंगाचा सांगाडा म्हणत. गुप्तपणे चोराच्या पाठीस लागावयाचे आणि डोक्यावर पलंग घेऊन निघावयाचे, हा प्रकार मोठा गमतीचाच!

पण त्यांचाही नाइलाज होता. उभ्या सळईने नीट काम द्यावयाचे तर तिची लांबी लहरीच्या सुमारे पाव असावी लागते. दोन मेगाहर्ट्झची लहर दीडशे मीटर लांब. तिचा पाव भाग सदतीस मीटरांवर जातो. एवढी सळई मोटारीवर कोण उभी करणार? १९२८ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी गाड्यांतून नियमित संदेश पोचविण्यास आरंभ केला, तोही अशाच लांब लहरींवर. आखूड एरियलवर ऐकता येई. उत्तर देण्याची सोय मात्र नव्हती. शिपायाने हुकूम ऐकावा आणि काही कळवावयाचे असल्यास टेलिफोन शोधावा! वाटेत त्याच्यावर प्रसंग गुदरला तर ठाण्यात कोणास पत्ताही लागावयाचा नाही.

ही कोंडी लहर आखूड केल्याने फुटली. १९३३ साली न्यू जर्सीतील बेयॉन गावच्या पोलिसांनी तीस मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरी वापरून गाडीतून उत्तर देण्याची सोय केली. १९४० साली प्राध्यापक डॅनियल नोबल यांच्या मार्गदर्शनाने कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी आर्मस्ट्राँग यांची एफ. एम. पद्धती स्वीकारली. एकोणचाळीस मेगाहर्ट्झच्या आसपास पाव लहर म्हणजे दोन मीटरांहूनही कमी. एवढी सळई गाडीला सहज पेलते.

मधल्या काळात मोटारीचा टपही बदलला होता. पूर्वी टपाचा मधला भाग कापडी असे आणि त्यात जाळी दडवून तिचे एरियल करीत. १९३५ साली जनरल मोटर्सने अखंड पोलादी टप काढला आणि जाळीची गंमत संपली. लोखंडाखाली एरियल कसले चालणार? लोकांनी ते दाराखालच्या पायरीखाली टांगून पाहिले. पण ज्या पत्र्याने जाळीला हद्दपार केले, तोच उभ्या सळईचा आधार ठरला. सळई एकटी काम करीत नाही. तिच्या पायाशी पसरलेला धातू तिचा दुसरा अर्धा भाग असतो. म्हणून टपाच्या मध्यावर ती चोहीकडे सारखी बोलते. मागच्या बंपरच्या कोपऱ्यात बसविली तर तिचा जोर समोरच्या तिरक्या कोपऱ्याच्या दिशेस जातो आणि उरलेल्या दिशांना ती दुबळी पडते. बैठकीखालचा रंग नीट खरवडला नाही, तर महागडे यंत्रही वाया जाते.

एरियलची निवड जिवावर कशी बेतते, हे रणगाड्यांवर दिसले. सोव्हिएत सैन्याने काही रणगाड्यांच्या बुरुजाभोवती कठड्यासारखे एरियल बसविले. ते असे प्रामुख्याने नायकांच्या रणगाड्यांवर. १९३८ व १९३९ साली जपान्यांशी झालेल्या लढायांत शत्रूने तो कठडा हेरला आणि तोफा नेमक्या तिकडेच वळविल्या. पुढे कठडा गेला, सळई आली. जर्मनांच्या रणगाड्यांवर दोन मीटरांची सळई होती. तोफ फिरताना नळीखालच्या दांड्याने ती लाकडी पन्हळीत आडवी पडे. अशी व्यवस्था सुचविणारा माणूस कारागीर खरा!

१९४६ साली सेंट लुई येथे मोटारीतला टेलिफोन दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपास सुरू झाला आणि पाव लहर अर्ध्या मीटरावर आली. एवढ्या आखूड सळईमुळे पाव लहरीऐवजी पाच-अष्टमांश लहरीची सळई बसविणेही परवडू लागले. ती आपली शक्ती क्षितिजाकडे दाबून फेकते. सपाट मुलखात तिचा पल्ला लांबतो. डोंगरात मात्र ठाणे उंच शिखरावर आणि गाडी खाली दरीत असली, तर ही दाबलेली शक्ती शिखराखालूनच निघून जाते. तेथे साधी पाव लहरीची सळईच बरी. ती बसविणारा जाणता माणूस आधी थोडी लांबच ठेवतो आणि मापकाकडे पाहत पाहत टोक थोडे थोडे कापीत जातो.