काशीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे

उत्तर हिंदुस्थानातील नामवंत मराठी घराण्यांचा परिचय अशा स्मरणिकांतून नेहमी दिला जातो. त्यांतून एक नाव मात्र सहसा गाळले जाते. ते नाव अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू फादर नेहेम्या, म्हणजेच पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचे होय.

त्यांचा जन्म १८२५ साली झाशीजवळ एका चित्पावन कुटुंबात झाला. आजोबा बांद्याच्या नबाबाच्या पदरी होते. पुढे कुटुंब काशीस स्थिरावले. न्याय व व्याकरण यांत मुरलेला हा तरुण मिशनऱ्यांकडे प्रथम गेला तो त्यांना वादात जिंकण्यासाठी. जॉन म्यूर यांच्या 'मतपरीक्षा' या संस्कृत ग्रंथाच्या खंडनार्थ त्याने विशीच्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' रचला. परंतु परमताला लावलेली कसोटी तो स्वमतालाही लावू लागला, आणि मार्च १८४८ मध्ये जौनपूर येथे त्याने बाप्तिस्मा घेतला.

याची किंमत जबर होती. आप्त दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई अल्पकाळातच निवर्तल्या. १८५३ मध्ये जन्मलेली कन्या एलन लक्ष्मी परक्यांच्या घरी, इंग्लंडात वाढली. १८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंगांबरोबर शास्त्रीबोवाही विलायतेस जाऊन आले. १८६० मध्ये त्यांचा 'षड्दर्शन-दर्पण' हा हिंदी ग्रंथ निघाला. त्यातील अद्वैतावरील टीका प्रस्तुत लेखकास पटत नाही. तथापि तीत नैयायिकाची शिस्त आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

धर्मोपदेशकाची पूर्ण दीक्षा त्यांना मिळाली ती १८७० मध्ये, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी. पुढे ते कावली फादर्स या संन्यासी संघात दाखल झाले. पण अखेरपर्यंत उमेदवारच राहिले, अंतिम व्रते घेतली नाहीत. स्वतःविषयीची शंका त्यांना कधी सोडून गेली नसावी. पंडिता रमाबाईंच्या शंकांना मात्र त्यांच्याच लेखनाने उत्तर दिले. १८८३ मध्ये रमाबाईंनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला.

पुण्याच्या पंचहौद मिशनमध्येही त्यांचे वास्तव्य होते. याच मिशनमध्ये १८९० साली घेतलेल्या चहावरून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य झाले होते. नुसत्या चहापायी जेथे एवढा गहजब, तेथे या शास्त्र्यांची आठवण कोण ठेवणार?

ऑक्टोबर १८९५ मध्ये मुंबईस त्यांचे देहावसान झाले. हिंदुधर्माच्या समर्थनार्थ त्यांनी लिहिलेला 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' पुढे १९५१ साली उज्जैनच्या सिंधिया प्राच्य संस्थेने प्रकाशित केला. त्यावर कर्त्याचे नाव नीळकंठ गोऱ्हे असेच आहे.